हुतात्मा जवानांच्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो आणि बहुधा त्याच सुमारास नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरलेले असते. जिल्हाधिकारी कार्यालय आणि विधान भवन ही दोन्ही ठिकाणे सिव्हिल लाइन्समध्येच असल्याने, एकीकडे ध्वजनिधी संकलनाचा शुभारंभ, वीरपत्नी व वीरमातांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि दुसरीकडे राज्याच्या कायद्यांवरील चर्चा, असा योग या शहराला सहज साधता येतो. या निमित्ताने हुतात्मा जवानांच्या मुलांना मिळणाऱ्या शैक्षणिक सवलतींतील एका दोषाकडे आपल्या दैनिकाच्या माध्यमातून लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सवलती नाहीत, अशी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सवलत कुटुंबाच्या हाती पडण्याच्या क्रमाबद्दल.

मी नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात शुल्क व शिष्यवृत्तीचे काम पाहून निवृत्त झालो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी भाषणाच्या व्यासपीठावरून नव्हे, तर शुल्काच्या खिडकीच्या आतल्या बाजूने पाहत आलो आहे, आणि त्या बाजूने तो बराच वेगळा दिसतो.

मुळात केंद्र सरकारची योजना उदार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९७१ चे युद्ध संपता संपता, १८ डिसेंबर १९७१ रोजी, लोकसभेत तिची घोषणा झाली. लढाईत मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षण सरकारी खर्चाने व्हावे, हा तिचा गाभा आहे आणि पुढील काळातील मोहिमांनाही ती लागू करण्यात आली. सरकारी, अनुदानित, सैनिकी तसेच केंद्र वा राज्य सरकारने मान्यता दिलेल्या अन्य शिक्षणसंस्थांतील शिकवणी शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च पूर्णपणे परत मिळतो. शाळेने चालविलेल्या बसचे भाडे मिळते. पुस्तके व लेखनसाहित्यासाठी वर्षाला २,००० रुपयांपर्यंत आणि गणवेशासाठी पहिल्या वर्षी २,००० व पुढे ७०० रुपये मिळतात. प्रवेशाच्या वेळी घेतली जाणारी अनामत रक्कम आणि देणगी यांतून वगळलेली आहे. योजना पहिल्या पदवीपर्यंत आहे.

या योजनेवर मधल्या काळात एक आघात झाला होता. सातव्या वेतन आयोगानंतर १३ सप्टेंबर २०१७ च्या आदेशाने शिकवणी शुल्क आणि वसतिगृह मिळून दरमहा १०,००० रुपये अशी कमाल मर्यादा घालण्यात आली. त्यातून सरकारची वर्षाला सुमारे ३.२० कोटी रुपयांची बचत होणार होती. देशाच्या संरक्षणाच्या अंदाजपत्रकापुढे हा आकडा किती, हे सांगण्याची गरज नाही. तत्कालीन नौदलप्रमुख अॅडमिरल सुनील लांबा यांनी ही मर्यादा काढावी म्हणून संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले, माजी सैनिकांनी आवाज उठविला, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा मागे घेतली गेली. हे येथे आठवण्याचे कारण असे की, या मुलांच्या शिक्षणावर किती खर्च करावा, याविषयी आज देशात मतभेद उरलेला नाही. पैसा मंजूर आहे. अडचण आहे ती तो पैसा कोणी आधी भरायचा, एवढ्याच बाबीत.

ही योजना प्रतिपूर्तीची आहे. म्हणजे कुटुंबाने आधी शुल्क भरायचे, पावत्या घ्यायच्या, संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र आणि बोनाफाईड जोडायचे, दावा संबंधित अभिलेख कार्यालयाच्या, म्हणजे ज्याला सैनिक कुटुंबे ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणतात त्याच्या, मार्गाने पाठवायचा आणि मग वाट पाहायची. नोकरदार माणसाला प्रतिपूर्ती नवी नाही. औषधोपचाराची बिले तो अशीच वसूल करतो. परंतु ज्या घरातील कमावता माणूस सीमेवरून परत आला नाही, त्या घराला दर जून-जुलैमध्ये आधी रक्कम उभी करण्यास सांगणे आणि मग ती परत देणे, यात सरकारचा एक रुपयाही वाचत नाही. फक्त त्या बाईची दमछाक होते. दोन मुले असतील आणि एक अभियांत्रिकीला व दुसरे निवासी शाळेत असेल, तर ही रक्कम किती होते, याचा हिशेब कोणत्याही पालकाला करता येईल.

आमच्या खिडकीवर आलेले एक प्रकरण सांगतो. रामटेक भागातील एका वीरपत्नीने मुलीच्या प्रवेशासाठी पतीच्या मृत्यूचे लष्करी प्रमाणपत्र, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र असे सारे व्यवस्थित फाइलमध्ये लावून आणले होते. तिची समजूत अशी होती की, हे कागद दाखविले की शुल्क द्यावे लागणार नाही. समजूत चुकीची म्हणता येणार नाही, कारण सत्कार समारंभात तिला ‘मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाची’ असेच सांगितले गेले होते. कार्यालयाने तिला नियम समजावून सांगितला. पूर्ण शुल्क भरा, पावती जपून ठेवा, पैसे परत मिळतील. ती काहीच बोलली नाही. भावाला फोन लावून बाजूला गेली आणि दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आली. पुढे तिचा दावा परत आला, कारण लष्कराच्या नोंदीत मुलीचे नाव एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर थोडे वेगळे होते.

नावाची ही अडचण वरवर क्षुल्लक वाटते, परंतु महाराष्ट्रात ती जितकी होते तितकी इतरत्र क्वचितच होत असावी. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव लागते, लग्नानंतर स्त्रीचे नाव कित्येकदा बदलते, मधले नाव तर बदलतेच. काही घरांत पाळण्यातले नाव एक, शाळेतले दुसरे. सैनिकाच्या कुटुंबाची नोंद युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक व कौटुंबिक नोंदींच्या लष्करी आदेशपत्रात, होते आणि ती नोंद करणारा कारकून मराठी असेलच असे नाही. जवान जिवंत असतो, तेव्हा रजेवर आल्यावर किंवा युनिटमध्ये परतल्यावर तो ही दुरुस्ती करून घेतो. तो गेल्यावर मात्र प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी, शाळेचा दाखला असा सारा प्रवास पत्नीच्या वाट्याला येतो. विदर्भातील जवान महार रेजिमेंटचा असेल तर तिचा पत्रव्यवहार त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी, म्हणजे मध्य प्रदेशातील सागरशी, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावशी, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडशी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा असेल तर ती त्यातल्या त्यात सुदैवी, कारण ते केंद्र आपल्या कामठीतच आहे. एरवी ज्या शहरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि ज्याच्या सीताबर्डी किल्ल्यात आजही सैन्य राहते, त्या शहरातील वीरपत्नीला एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यात पत्रे पाठवीत बसावे लागते.

आता मूळ मुद्दा. शुल्क आधी न घेता प्रवेश देण्याची पद्धत आपल्या राज्याला नवी आहे काय? मुळीच नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी अर्धेच शिकवणी शुल्क घ्यावे, उरलेले सरकारकडून येईल, अशी व्यवस्था आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक तत्त्वांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. ते दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला आगाऊ शुल्क न भरता प्रवेश मिळावा, हाच तिचा हेतू. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. या सर्व योजनांत महाविद्यालयांची रक्कम शासनाकडे काही काळ थकते, संस्थाचालक कुरकुरतात, तरीही व्यवस्था चालते. मग हुतात्मा जवानाच्या मुलासाठीच, ज्याची रक्कम केंद्राच्या योजनेत आधीच हमी म्हणून उभी आहे, खिडकीवर आधी पैसे मोजावेत हा आग्रह का? त्याचे उत्तर मला एकच सापडते. ही मुले संख्येने थोडी आहेत, विखुरलेली आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा शासन निर्णय काढण्याची निकड कोणाला भासली नाही.

शुल्काची प्रतिपूर्ती केंद्राची, प्रवेश मात्र राज्यातील संस्थांत, त्यामुळे जबाबदारी दोघांच्या मध्ये अडकते, असे कोणी म्हणेल. त्यावर उपाय कठीण नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने पात्र मुलाला एक पत्र द्यावे. ते मिळताच महाविद्यालयाने वा शाळेने शुल्क न घेता प्रवेश द्यावा. संस्थेची रक्कम राज्याने एका फिरत्या निधीतून चुकती करावी आणि केंद्राकडून प्रतिपूर्ती आली की ती त्या निधीत जमा व्हावी. कुटुंबाच्या बँक खात्यात रक्कम आली तरी ती निधीत वळविण्याचे संमतिपत्र आधी घेता येईल. विनाअनुदानित संस्थांचा खर्च शुल्कावरच चालतो, त्यांना वर्षभर थांबा म्हणणे न्याय्य नाही, म्हणूनच फिरत्या निधीची गरज. ध्वजनिधीसाठी जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाते आणि कार्यालये ते पूर्ण करतात. त्या निधीचा एक भाग या कामासाठी बाजूला काढण्यास कोणाचा विरोध असेल असे वाटत नाही. एका जिल्ह्यात अशी शिकती मुले फार नसतात. निधी फार मोठा लागणार नाही.

काही जण, खाजगीत का होईना, विचारतात की कुटुंबाला राज्याकडून एक कोटी रुपये मिळतात, मग शुल्क आधी भरायला काय हरकत आहे? हा प्रश्न कानावर आला की वाईट वाटते, पण त्याचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे. राज्याची मदत २५ लाखांवरून एक कोटी झाली ती २०१९ मध्ये. त्याआधी ज्यांनी प्राण दिले, त्यांची मुले आज महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांच्या घरी ही रक्कम आलेली नाही. जेथे आली, तेथेही ती पत्नी आणि आई-वडील यांच्यात वाटली जाते, आणि तसे होणे योग्यही आहे. उरलेली रक्कम मुदत ठेवीत असते, कारण त्या घराला पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. दर वर्षी शुल्कासाठी मुदत ठेव मोडा, असा सल्ला आपण स्वतःच्या मुलीला देऊ काय?

दुसरी बाब अधिक अवघड आहे. पूर्ण शुल्काची ही योजना लढाईतील मृत्यूसाठी आहे. सैन्य आपल्या नोंदीत लढाईतील मृत्यू आणि कर्तव्यावर असताना अपघात वा आजाराने आलेला मृत्यू यांत भेद करते आणि निवृत्तिवेतनापासून सानुग्रह मदतीपर्यंत सारे त्यावर ठरते. लढाईतील मृत्यूसाठी उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या वेतनाइतके. लष्करी सेवेमुळे आलेल्या इतर मृत्यूसाठी विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे त्याच्या ६० टक्के. हा भेद मुळात अन्यायकारक आहे, असे माझे म्हणणे नाही. शत्रूच्या गोळीसमोर उभे राहण्याचा मान वेगळा राखला पाहिजे. परंतु तोच भेद मुलांच्या शाळेच्या शुल्कापर्यंत खाली ओढावा काय? नागपूरपासून जवळच, वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत लष्करी अधिकारी, संरक्षण सुरक्षा दलाचे जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. तेथे समोर शत्रू नव्हता. पण ती आग विझवायला जाणारी माणसे कर्तव्यावरच होती. सीमेवरील रस्त्यावर गाडी दरीत कोसळून गेलेल्या चालकाचे मूलही त्याच इयत्तेत, त्याच शुल्काने शिकते. मान-सन्मानात फरक असू द्या, शुल्कात नको, एवढेच मागणे आहे.

अशा मुलांसाठी आज मुख्य आधार आहे तो पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचा. राष्ट्रीय संरक्षण निधीतून २००६-०७ पासून चालणाऱ्या या योजनेत केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या दिल्या जातात, निम्म्या मुलांना व निम्म्या मुलींना. मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. लढाईत मृत्यू पावलेल्यांची मुले व पत्नी यांना पहिला अग्रक्रम, सेवेमुळे इतर कारणाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना त्यानंतरचा. परंतु ही योजना अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, बी.एड. यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे आणि त्यासाठी पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण लागतात. बापाच्या मृत्यूच्या वर्षी बारावीला बसलेल्या मुलाकडून ६० टक्क्यांची अट काटेकोरपणे मागणे मला पटत नाही. निदान त्या एका वर्षापुरती सूट असावी. साध्या बी.ए. किंवा बी.एस्सी.ला जाणाऱ्याला येथे जागा नाही. हवालदार व त्याखालील पदांच्या कुटुंबांसाठी संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून पहिलीपासून पदवीपर्यंत जास्तीत जास्त दोन मुलांना अनुदान मिळते. ते दरमहा १,००० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते २,००० करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्ह आहे, पण नागपुरातील बऱ्याशा शाळेच्या शुल्कापुढे ही रक्कम कितपत पुरते, हे वाचकांना ठाऊक आहे.

येथे अविवाहित जवानांचाही विचार केला पाहिजे, कारण सवलतींच्या सर्व चर्चेत तो सुटतो. सैन्यात भरती होणारा तरुण वयाच्या विशीत असतो. विदर्भातील शेतकरी घरात असा मोठा मुलगा पगारातून धाकट्या बहिणीचे नर्सिंगचे किंवा भावाचे आयटीआयचे शुल्क भरत असतो. तो हुतात्मा झाला, तर त्याला मुले नसल्यामुळे शैक्षणिक सवलतीला घरात कोणी पात्रच उरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराने सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना प्राण गमावले. अग्निवीर तर भरतीच्या वेळी अविवाहितच असावा लागतो. म्हणजे पुढच्या काळात अशी घरे वाढणार आहेत, आणि त्यांच्यासाठी ‘पाल्य’ या अटीऐवजी ‘हुतात्म्यावर अवलंबून असलेले शिकते भावंड’ अशी सोय निदान राज्याने तरी आपल्या अखत्यारीत करावी. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची आवश्यकता नाही.

वीरपत्नीच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दलही थोडे. त्यांच्यापैकी अनेकींचे वय तिशीच्या आतले असते आणि शिक्षण लग्नामुळे बारावीवर थांबलेले. पंतप्रधान शिष्यवृत्तीत आणि कल्याण निधीच्या अनुदानात तिलाही स्थान आहे, पण हे तिला सांगणारा कोणी भेटत नाही. सत्काराच्या व्यासपीठावर शिलाई यंत्र भेट देणाऱ्यांनी बी.एड.चा अर्जही सोबत दिला असता, तर बरे झाले असते.

पोलिसांच्या बाबतीत विदर्भाने जो अनुभव घेतला, तो येथे उपयोगी पडेल. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात माओवाद्यांनी घडविलेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना राज्य पोलिसांपर्यंत वाढविण्यात आली. दहशतवादी वा नक्षलवादी हल्ल्यांत मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या मुलांसाठी वर्षाला ५०० शिष्यवृत्त्यांचा कोटा ठरला. ठरविले तर योजनेची कक्षा किती लवकर रुंद करता येते, हे त्यावरून दिसते.

म्हणून येत्या अधिवेशनात विदर्भातील आमदारांनी, पक्ष कोणताही असो, लक्षवेधी सूचनेद्वारे उच्च व तंत्रशिक्षण, शालेय शिक्षण आणि सैनिक कल्याण या तिन्ही विभागांकडून एका संयुक्त शासन निर्णयाची मागणी करावी. हुतात्मा जवानाच्या पाल्याकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी व वसतिगृह शुल्क घेऊ नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र पुरेसे मानावे. नावातील किरकोळ तफावतीसाठी तहसीलदाराचा दाखला ग्राह्य धरावा, अशी शिफारस राज्याने संरक्षण मंत्रालयाकडे करावी. आणि महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत, जेथे संरक्षण दलांच्या पाल्यांसाठी राखीव जागांचा उल्लेख असतोच, तेथे हा नियमही छापावा. निर्णय निघेपर्यंत नागपुरातील शिक्षणसंस्थांना आपल्या अधिकारात एवढे करता येईल की, अशा विद्यार्थ्याला शुल्क भरण्यास वर्षअखेरपर्यंत विनाविलंबशुल्क मुदत द्यावी आणि दाव्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे प्रवेशाच्या दिवशीच हाती द्यावीत. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. प्राचार्यांची एक सही लागते.

माझ्यासारखे शुल्क आणि शिष्यवृत्तीचे काम करून निवृत्त झालेले बरेच कर्मचारी या शहरात आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने जून-जुलैच्या प्रवेशाच्या काळात आठवड्यातून एक दिवस आम्हाला बसण्यास टेबल दिले, तर दावे भरून देण्याचे आणि कागद तपासण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. इच्छुक निवृत्त सहकाऱ्यांनी आपली नावे त्या कार्यालयाकडे नोंदवावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त महाविद्यालयीन कार्यालय अधीक्षक,
प्रतापनगर, नागपूर